आखाजीच्या शिव्या आणि पुण्याचा सर्व्हर

माझ्या अक्काने आखाजीच्या, म्हणजे आमच्या खान्देशातल्या अक्षय्य तृतीयेच्या, तोंडावर एका अनोळखी, सभ्य, शिकल्यासवरल्या माणसाला सणसणीत शिवी दिली, आणि त्यावरून तिला वेडी ठरवायला दोन पक्ष सरसावले. एका बाजूला तिचा स्वतःचा मुलगा आणि दुसऱ्या बाजूला पुण्याहून चालणारा एक सर्व्हर. मी दोघांशी भांडले. तेव्हा माफी मागितली नाही आणि आज हे लिहितानाही मागणार नाही.

आधी मी कोण ते सांगते. धुळ्याच्या बसस्थानकात चौकशीच्या खिडकीमागे बसून माईकवर गाड्या पुकारायची ती बाई म्हणजे मी. ‘शिंदखेडामार्गे दोंडाईचाकडे जाणारी गाडी फलाटावर लागत आहे’ हा आवाज माझा. सगळी नोकरी मी माईकवर शुद्ध मराठीत काढली. माईक बंद केला की माझी अहिराणी सुरू. खिडकीशी एखादा म्हातारा यायचा, ‘माय, नरडानानी गाडी कव्हय शे?’ म्हणून विचारायचा, आणि मी त्याला त्याच्याच बोलीत सांगायची. एका साहेबांना ते खटकायचं. म्हणायचे, बाई, कार्यालयात प्रमाण भाषा बोलत जा. मी म्हणायची, साहेब, त्याची गाडी चुकली तर तुम्ही सोडायला जाणार आहात का?

अक्का माझी थोरली बहीण. आई लवकर गेली, त्यामुळे मला तिनेच वाढवलं. मी तिला ‘तू’ म्हणते आणि अजूनही तिला घाबरते. तिचा संसार सगळा नरडाण्याला झाला. भाऊजी वारले तसं तिच्या मुलाने घराला कुलूप लावलं आणि तिला चेन्नईला नेलं. माझा हा भाचा गुणी आहे, कॉम्प्युटरमधला मोठा माणूस. सून तिकडचीच, हसरी, सासूचे पाय चेपून देणारी. नाव ठेवायला जागा नाही. फक्त त्या घरात अक्काशी बोलायला कोणी नव्हतं. सुनेला मराठी येत नाही, अक्काची हिंदी जेमतेम, आणि भाचा घरी आला तरी कानाला फोन लावूनच बसलेला. पूर्वी अक्का फोनवर मला बोलू द्यायची नाही. मग ‘हं’, ‘हा’, ‘बरं शे’ एवढ्यावर आली. मग तेही बंद झालं. मी बोलायची आणि पलीकडून नुसता पंख्याचा आवाज यायचा.

भाच्याने तिला डॉक्टरांना दाखवलं. डॉक्टरांनी हिंदीत विचारलं, आज कोणता वार, कोणता महिना, शंभरातून सात वजा करा. शंभरातून सात वजा करायची वेळ अक्कावर उभ्या जन्मात आली नव्हती. भाच्याने मला फोन केला, आवाज पडलेला. म्हणाला, “मावशी, आईला महिनासुद्धा सांगता आला नाही.”

“काय म्हणाली ती?” मी विचारलं.

“म्हणाली, पाडवा व्हई ग्या, आखाजी बाकी शे.”

“मग सांगितला की. पाडवा झाला आणि आखाजी यायची आहे म्हणजे चैत्र. तुझ्या डॉक्टरांना कळला नाही यात तिचा काय दोष?”

तो चिडला नाही. चिडला असता तर बरं झालं असतं. समजावणीच्या सुरात म्हणाला, हा विसरण्याचा आजार आहे, सुरुवात अशीच होते, माणूस आधी बोलणं कमी करतं. शहराबाहेर एक केंद्र आहे, तिथे अशा लोकांना ठेवतात, रात्रंदिवस माणसं असतात. आखाजीनंतरच्या सोमवारी तो आणि सून ते बघायला जाणार होते. पसंत पडलं तर अक्काला तिथे ठेवायचं होतं. मी म्हटलं, त्याआधी आखाजीला तिला इकडे पाठव, महिनाभर माझ्याकडे राहू दे. म्हणाला, एवढा प्रवास तिला झेपणार नाही. मी म्हटलं, मी येते न्यायला. म्हणाला, मावशी, तुझे गुडघे बघ आधी. फोन ठेवल्यावर मी भांडी अशी आपटली की शेजारीण विचारायला आली.

आमच्याकडे आखाजीला सासुरवाशीण आपण होऊन माहेरी येत नाही. तिला आणायला माहेरचा माणूस जातो. त्याला मुराळी म्हणतात. भाऊ असो, चुलतभाऊ असो, भाचा असो, पण माणूस गेलाच पाहिजे. मुराळी आला नाही तर बाई ओट्यावर बसून रस्त्याकडे बघते, पण एकटी पिशवी उचलून निघत नाही. अक्काला त्या वर्षी मुराळी जाणार नव्हता, आणि पुढच्या वर्षी ती कुठे असेल ते मला दिसत होतं.

आता ते सर्व्हरचं सांगते, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. निवृत्त झाल्यावर मी फोनवरच्या त्या नेहमीच्या गटांना वैतागले होते. सकाळी गुलाबाची फुलं, दुपारी अफवा, संध्याकाळी कोणाची तरी बदनामी. माझी एक जुनी मैत्रीण जळगावला असते. ती कंडक्टर होती, मी खिडकीत होते, आमचं सगळं आयुष्य भांडण्यात आणि एका डब्यात जेवण्यात गेलं. तिच्या मुलीने तिला एक वेगळं जाळं दाखवलं आणि तिने मला. म्हणाली, हे कुठल्या एका कंपनीचं नाही. ठिकठिकाणच्या लोकांनी आपापले सर्व्हर उभे केलेत. प्रत्येकाचा मालक वेगळा, नियम वेगळे, पण एका सर्व्हरवरचा माणूस दुसऱ्या सर्व्हरवरच्या माणसाशी बोलू शकतो. मी म्हटलं, म्हणजे डेपो वेगवेगळे आणि रस्ते एक. म्हणाली, तसंच समज.

मी खातं उघडलं ते पुण्याच्या सर्व्हरवर, कारण तोच आधी दिसला. मराठी होता, स्वच्छ होता. पुस्तकांबद्दल, गडकिल्ल्यांबद्दल लोक गोड बोलायचे. मी शोधाच्या चौकटीत ‘अहिराणी’ लिहिलं. काही नाही. ‘खान्देश’ लिहिलं. कोणीतरी शेवभाजीची कृती टाकली होती, तीही चुकीची. मी मैत्रिणीला फोन करून तणतणले की इथेही आपलं कोणी नाही, इथेही तेच. ती हसायला लागली.

“अगं तू खिडकीतून बघतेस ते तुझ्याच डेपोचं. तुझ्या सर्व्हरवरच्या कोणीतरी आधी जाऊन आणलं असेल तेवढंच तुला दिसणार. सुरतेत आपल्या लोकांचा सर्व्हर आहे, त्यावर अहिराणीचा गट आहे. त्याचा पूर्ण पत्ता टाक, सर्व्हरच्या नावासकट. एकदा तू त्याच्या मागे लागलीस की ते तुझ्याकडे यायला लागतील.”

मी म्हटलं, “म्हणजे मुराळी गेला पाहिजे.”

“हां,” ती म्हणाली, “आता तुझ्या डोक्यात शिरलं.”

मी पूर्ण पत्ता टाकला. आधी नुसतं नाव आणि रिकामं पान आलं. मी पाठपुराव्याचं, म्हणजे ‘फॉलो’चं, बटण दाबलं आणि चहा ठेवायला गेले. चहा होईपर्यंत पान भरायला लागलं होतं. पहिला आवाज आला तो सुरतेतल्या एका बाईचा. लूमवर काम करते, मूळची शिंदखेड्याकडची, निम्मे शब्द गुजरातीकडे झुकलेले. सांगत होती की खापरावरची पुरणपोळी करायला तिला सुरतेत मातीचं खापरच मिळत नाही. मी स्वयंपाकघरात उभी राहून ऐकलं आणि मला रडू आलं. त्यात लाजण्यासारखं काय आहे? मला एवढ्या लांबून कोणी माझ्या बोलीत हाक मारेल असं वाटलं नव्हतं.

मग मला नादच लागला. एका गटातून दुसऱ्याचा पत्ता मिळायचा. तिसऱ्याच कुठल्यातरी सर्व्हरवर सातपुड्याच्या पायथ्याची एक पोरगी मोहाची फुलं वेचण्याबद्दल आपल्या पावरी बोलीत बोलायची. मला निम्मं कळायचं, तरी मी रोज ऐकायची. जळगावला माझ्या मैत्रिणीच्या मुलीने सर्व्हर काढला होता, त्यावर यावल-रावेरकडच्या बायकांचा गट होता. त्यांची बोली आमच्याहून निराळी. मी एकेकीचा पत्ता टाकून पुण्याच्या सर्व्हरवर त्यांना आणत गेले. मी आणलं की तिथल्या इतरांनाही ते दिसायला लागायचं. बघता बघता तिथे गुपचूप बसलेले आमचे लोक वर आले. एक बँकेतला माणूस मला म्हणाला, ताई, मी दोन वर्षं इथे आहे, अहिराणी बोलायची मला भीती वाटायची.

अक्काचं ते डॉक्टरांचं प्रकरण झालं तेव्हा मी हेच केलं. भाच्याला म्हटलं, तिला तुझा जुना टॅब दे, मी सांगते तसं खातं उघड. खातं पुण्याच्याच सर्व्हरवर उघडलं, कारण मला तोच रस्ता माहीत होता. अक्का चौथी शिकलेली, अक्षर लावून वाचते. तिला फक्त आवाज ऐकायचं बटण आणि बोलायचं बटण शिकवलं. बाणाचं एक बटण होतं, ते दाबलं की ऐकलेली गोष्ट आपल्या नावाने पुढे जाते. ते मी शिकवलं नव्हतं, ते तिने आपलं आपणच शोधलं. सून मला खुणेने आणि मोडक्या हिंदीत सांगायची की सासूबाई टॅब उशाशी घेऊन बसतात, कधी कधी हसतात. बोलायची मात्र नाही. मी रोज विचारायची, अक्का, काही बोल ना तिथे. पलीकडे पंख्याचा आवाज.

तशातच आखाजी जवळ आली.

आमच्या माहेरच्या गावाला नाला आहे आणि नाल्यापलीकडे दुसरं गाव. आखाजीला घरोघरी बसवलेली गौराई बोळवायला दोन्ही गावच्या बायका नाल्यावर जमतात, या काठाला आम्ही, त्या काठाला त्या, आणि शिव्यांना सुरुवात होते. तुमचा जावई असा, तुमची सून तशी, तुमच्या गावाला अक्कल कमी. पदर खोचून, हात नाचवून, घसा बसेपर्यंत. त्याला कायदा आहे. कोणाचं वैधव्य काढायचं नाही, कोणाचं मूलबाळ नसणं काढायचं नाही, आणि नाल्यावरचं घरी न्यायचं नाही. वर्षभर तोंड दाबून राहिलेल्या बाया त्या एका दुपारी मोकळ्या होतात. पुरुषांना तिथे जागा नाही. ते लांब झाडाखाली बसतात आणि ऐकू येत नाही असं दाखवतात. अक्का आमच्या काठाची पुढारी होती. ती पुढे झाली की पलीकडच्या बाया एकमेकींकडे बघायच्या. मी लहानपणी एकदा त्या कल्लोळाला घाबरून पळून गेले होते, त्यावरून मला अजून चिडवतात.

त्या वर्षी कोणी ठरवलं नाही, पण नाला सर्व्हरमधून वाहायला लागला. या काठाला सुरतेच्या सर्व्हरवरचा आमचा अहिराणी गट, त्या काठाला जळगावचा गट. सुरुवात आमच्या लूमवालीने केली. म्हणाली, “तुमनी केळं बी वाकडी अन् तुमनं बोलनं बी वाकडं.” त्यावर जळगावहून माझी मैत्रीण उठली. तिचं घर बौद्ध, गौराई ती बसवत नाही. पण तिने मला आधीच बजावलं होतं, “तुमच्या नाल्यावर आम्हाला लहानपणी लांब उभं राहून बघावं लागायचं. इथे मी पहिल्या रांगेत उभी राहणार, आणि तुला सगळ्यात आधी झोडणार.” आणि तिने झोडलं. म्हणाली, “तुमचा पाव्हना पानी मांगाले येतो अन् रसाची वाटी चाटून जातो.” मी फोन धरून एवढी हसले की पोटात दुखलं. दोन दिवसांत दोन्ही काठ भरून गेले.

अक्का बोलली नाही, पण तिने एक केलं. प्रत्येक शिवी ऐकली की ती बाणाचं बटण दाबायची. त्यामुळे पुण्याच्या त्या स्वच्छ सर्व्हरच्या पहिल्या पानावर, गडकिल्ल्यांच्या फोटोंमध्ये, ओळीने आमच्या शिव्या. कोणीतरी तक्रार केली. सर्व्हरची देखरेख करणारे एक गृहस्थ होते, त्यांनी अक्काला नम्रपणे लिहिलं की आदरणीय ताई, आपण पुढे पाठवत असलेल्या ध्वनिफितींत असभ्य भाषा आहे, कृपया सभ्यता पाळावी.

हे ज्याला कळेल त्याला कळेल. आखाजीचे दिवस, दोन्ही काठ पेटलेले, आणि मधेच एक अनोळखी माणूस येऊन अक्काला टोकतो. अक्काने काय समजावं? तिने त्याला पलीकडच्या काठाचा समजलं. आणि वर्षभर जिने तोंड उघडलं नव्हतं तिने बोलायचं बटण दाबलं.

मला हे कळलं ते उलट्या बाजूने. दुपारी माझं पान एकदम शांत झालं. सुरत नाही, जळगाव नाही. मैत्रिणीचा फोन आला की तुमच्या पुणेकरांनी आमचे दोन्ही सर्व्हर बंद केले, आता आमचं तुम्हाला आणि तुमचं आम्हाला काही दिसणार नाही. मग सर्व्हरवर त्या गृहस्थांची जाहीर सूचना आली. अक्काचं खातं बंद, कारण देखरेखीच्या माणसाला अर्वाच्य उत्तर. पुराव्यासाठी अक्काची ध्वनिफीत जोडली होती. मी ती लावली.

“कोन शे रे तू? तुना गावमा बाया सरी ग्यात का, ते माणूसले धाडं नालावर? जाय, तुनी मायले धाड. तिले सांग, पदर खोसीसन ये.”

म्हणजे कोण रे तू, तुझ्या गावातल्या बायका संपल्या का म्हणून नाल्यावर पुरुषाला पाठवलं, जा, आईला पाठव, म्हणावं पदर खोचून ये. कुठे अडखळली नाही, कुठे शब्द शोधला नाही. तीच धार, तोच ठसका. तिच्याकडून मी एवढी वाक्यं वर्षभरात ऐकली नव्हती. मी पुन्हा लावली, पुन्हा लावली. माझी अक्का जागेवर होती.

मी धावत भाच्याला फोन केला, की ऐकलंस का. त्याने ऐकलं होतं. खातं त्याच्या पत्त्यावर उघडलेलं, त्यामुळे सूचना त्यालाही गेली होती.

“मावशी, आई अनोळखी लोकांना शिव्या देते आहे. डॉक्टर म्हणालेच होते की वागण्यात फरक पडेल. मी टॅब काढून घेतलाय. सोमवारी आम्ही नुसतं बघायला नाही, नाव घालायलाच जाऊ असं म्हणतोय.”

मी आयुष्यात त्या पोरावर आवाज चढवला नव्हता. त्या दिवशी चढवला. म्हटलं, “दर आखाजीला तू आजोळी त्या नाल्यावर यायचास. झाडाखाली बसून आंबा चोखत तू हेच ऐकलंस. यात वैधव्य काढलंय का? मूल काढलंय का? पुरुष आला तर त्याला परत पाठवतात, तसं तिने पाठवलं. एक नियम चुकली नाही ती. आजारी माणसाला एवढे कायदे पाळता येतात? तिला काही झालेलं नाही रे, तिला बोलायला कोणी नाही. आणि आज ती बोलली तर तू तिच्या हातातलं काढून घेतलंस.”

मी म्हटलं, पुन्हा एकदा लाव आणि आई समजून ऐक, रोगी समजून ऐकू नकोस. आणि फोन ठेवला.

मग पुण्याकडे वळले. त्या सूचनेखालीच त्या गृहस्थांना सगळं लिहिलं, आखाजी काय, नाला काय, मुराळी काय. त्यांचं उत्तर सभ्य होतं. आम्हाला ही भाषा कळत नाही, जे कळत नाही त्यावर देखरेख ठेवता येत नाही, म्हणून धोका पत्करू शकत नाही. आपल्या भगिनींनी माफी मागितली आणि यापुढे प्रत्येक ध्वनिफितीखाली प्रमाण मराठीत अर्थ लिहिला, तर विचार करू.

मला क्षणभर मोह झाला, खोटं कशाला सांगू. दोन ओळींची माफी, आणि अक्काचं खातं परत. सोमवार जवळ येत होता. पण मग डोळ्यांपुढे आलं की अक्का डॉक्टरांसमोर बसली आहे, चैत्र बरोबर सांगते आहे, आणि समोरचा मान हलवून चूक म्हणून खूण करतो आहे. तिथेही तेच. ज्याला कळत नाही तो बरोबर, आणि बोलणारी वेडी नाहीतर असभ्य. मी लिहिलं की माझी बहीण माफी मागणार नाही, तिच्या वतीने मीही मागणार नाही. तुम्हाला कळत नाही ही तुमची अडचण आहे. आम्ही तुमची भाषा शिकलो, माईकवर बोललो, कधी म्हटलं नाही की कळत नाही म्हणून बंद करा. तुमचा सर्व्हर तुम्हाला लखलाभ. आणि तो बँकेतला माणूस, जो भीत होता, त्याने त्याच्याखाली लिहिलं, मी बी जाई राहिनू.

जायचं कुठे हा प्रश्न होता. सुरतवाल्यांनी जागा नाही म्हणून नवीन माणसं घेणं थांबवलं होतं. राहिला जळगावचा. म्हणजे मी, नाल्याच्या या काठाची, त्या काठाला बिऱ्हाड मांडणार. मैत्रिणीने फोनवर आधी पोटभर हसून घेतलं. मग म्हणाली, ये, पण इथे आलीस तर आमच्या बाजूने शिव्या द्याव्या लागतील. मी म्हटलं, देते. खातं हलवायचा एक हुकूम सोडला आणि माझा पाठपुरावा करणारी माणसं आपोआप नव्या पत्त्यावर आली. पुण्याला बंद झालेलं सुरतेचं दारही इथून उघडं होतं. फक्त अक्काकडून काही नव्हतं. भाचा फोन उचलत नव्हता. त्याने टॅब दिला की नाही, अक्का जेवते की नाही, काही कळेना.

आखाजीला मी सांजोऱ्या तळल्या, रस काढला, पूर्वजांची घागर भरली. दुपारी दोन्ही काठ जमले. मी कबूल केल्याप्रमाणे जळगावच्या बाजूने उभी राहिले आणि आमच्याच गावावर शिव्या फेकल्या, जीव नसताना फेकल्या. आमच्या काठाला पुढारी नव्हती. लूमवाली एकटी कितीशी पुरणार? त्या दिवशी आमचा काठ हरत होता आणि मी हरवणाऱ्यांत होते.

तेवढ्यात एका पत्त्यावरून ध्वनिफीत आली. तो सर्व्हर मी कधी पाहिला नव्हता, कोणीच पाहिला नव्हता. त्याच्या नावात आमच्या गावाचं नाव होतं. नाल्याच्या या काठचं, जिथे आता आमचं घरही उरलं नाही, ते. त्या सर्व्हरवर सदस्य एकच. मी बटण दाबलं.

“काय व, नाला वलांडीसन पल्याड जाई बठनी? लहानपने नालामा चप्पल सोडीसन पळनी व्हती, मीच आनी दिन्ही तुले. आते तठेन आपलाच गावले शिव्या दी राहिनी? तोंड वर कर. कितलं वाढनं ते देखू दे माले.”

म्हणजे नाला ओलांडून तिथून आपल्याच गावाला शिव्या देतेस, तोंड वर कर, किती वाढलंय ते बघू दे. पळून गेले होते ते मला ठाऊक होतं, त्यावरून चिडवणारे पुष्कळ. चप्पल मागे राहिली होती आणि अक्का ती आणायला त्या गोंधळात परत गेली होती, हे मी स्वतः विसरले होते. ते फक्त तिला आठवत होतं. पाठीमागे कोणीतरी बाई हसत होती. सून असावी. अर्थ कळला नसेल तरी हसत होती.

मागोमाग भाच्याचा संदेश आला. मावशी, रात्रभर बसून आईसाठी वेगळा सर्व्हर उभा केला, आता तिला कोणी बाहेर काढू शकत नाही. तुमच्या सगळ्यांचे पत्ते टाकून तुम्हाला मीच आणलं. केंद्राचं रद्द. डॉक्टरांकडे जाऊ, पण प्रश्न मी विचारणार, आपल्या भाषेत. आणि टॅब काढून घेतल्याबद्दल आईने मलाही एक शिवी दिली.

खाली माझी मैत्रीण ओरडत होती की तुझ्या बहिणीने तुला नागडं केलं, आता आमच्या काठाची लाज राख, उत्तर दे. ती म्हणत होती ते बरोबर होतं. मी डोळे पुसले, पदर खोचला, फोन तोंडासमोर धरला आणि माझ्या अक्काला शिवी द्यायला तोंड उघडलं.